पात्र आणि आस्वाद : चाहत्याच्या हक्काचा प्रश्न

अभिनयकलेच्या मीमांसेत प्रेक्षकाला पहिल्यापासून स्थान मिळाले. चाहत्याला मात्र ते कधी मिळाले नाही. सामाजिक, सहृदय, भावक, रसिक ही सारी नावे शास्त्राने एका विशिष्ट शिस्तीत वावरणाऱ्या ग्रहीत्याला दिली, आणि चाहता त्या शिस्तीत बसत नाही. एकाच नटीचे तीस चित्रपट तो पाहतो. त्यातले निम्मे सामान्य आहेत हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी तेही तो पुन्हा पाहतो. अमुक दिग्दर्शकाने तिला वाया घालवले, तमुक भूमिकेत ती ‘ती’ नव्हतीच, ते शेवटचे चित्रपट तिने करायला नको होते, अशी त्याची मते असतात. ही मते कलाकृतीविषयी नसून व्यक्तीविषयी आहेत, आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरची आहेत, असे म्हणून समीक्षक त्यांची बोळवण करतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी निदान दोन चाहत्याला सहज लागू पडतात : स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे, आणि जे दिसते ते विशिष्ट व्यक्तीचे, विशिष्ट देशकालातले म्हणूनच पाहणे. या हिशेबाने चाहता हा अपुरा रसिक ठरतो.

हा निकाल वाटतो तितका सरळ नाही. चाहत्याच्या मतात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक ज्ञानाचा दावा असतो : इतरांना न दिसणारे आपल्याला दिसते, असा. दुसरा हक्काचा दावा असतो : जे आपल्याला इतके ठाऊक आहे त्यावर आपला काही अधिकार आहे, असा. समीक्षा दुसऱ्या दाव्याला भिऊन पहिलाही नाकारते. चाहता पहिल्याच्या बळावर दुसरा रेटतो. दोहोंची फारकत कोठे आणि कशी करावी हा प्रश्न जपानी चित्रपटसृष्टीने एका नटीच्या निमित्ताने फार तीव्रपणे उभा केला आहे. ती नटी म्हणजे सेत्सुको हारा.

मासाए आइदा या नावाने १९२० साली योकोहामा येथे जन्मलेल्या हारा १९३५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, चित्रपटात आल्या. मेहुणे हिसातोरा कुमागाई दिग्दर्शक होते. घरच्या ओढगस्तीत शाळा सोडून त्यांनी हा मार्ग धरला. ‘सेत्सुको’ हे नावही पहिल्या चित्रपटातल्या भूमिकेवरून आलेले. पुढच्या सत्तावीस वर्षांत सुमारे शंभर चित्रपट त्यांनी केले, आणि १९६२ च्या ‘चुशिंगुरा’नंतर त्या पुन्हा पडद्यावर आल्या नाहीत. १२ डिसेंबर १९६३ रोजी, स्वतःच्या साठाव्या वाढदिवशी, यासुजिरो ओझू निवर्तले. त्यानंतर हारा कामाकुरात जाऊन राहिल्या. मुलाखत नाही, छायाचित्र नाही, समारंभ नाही, असा क्रम जवळजवळ अर्धशतक चालला.

प्रथम ज्ञानाचा दावा तपासावा. ओझूंच्या तीन चित्रपटांत हारांच्या भूमिकेचे नाव नोरिको आहे : ‘बान्शुन’ (१९४९), ‘बाकुशू’ (१९५१) आणि ‘तोक्यो मोनोगातारी’ (१९५३). तिघींची आडनावे वेगळी, घरे वेगळी, नशिबे वेगळी. पहिली विधुर बापाला सोडून लग्न करू इच्छित नाही. दुसरी घरच्यांना न विचारता, शेजारच्या एका मूल असलेल्या विधुराशी लग्न करण्याचे एका क्षणात ठरवून टाकते. तिसरी युद्धात नवरा गमावलेली सून आहे. प्रत्येक चित्रपट स्वतंत्र, स्वयंपूर्ण कलाकृती मानणाऱ्या स्वायत्ततावादी समीक्षकाला या तिघींमध्ये नामसादृश्यापलीकडे काही शोधण्याचे कारण नाही. चाहत्याला मात्र पहिलीचा अडलेला हुंदका दुसरीच्या हसण्यात ऐकू येतो, आणि तिसरीच्या सौजन्यामागे काय दडपलेले आहे याचा अंदाज तो आधीच्या दोघींवरून बांधतो. ‘आकिबियोरी’ (१९६०) या चित्रपटात तर हे ज्ञान जवळजवळ अनिवार्य होते. अकरा वर्षांपूर्वी बापाला सोडून जायला तयार नसलेली मुलगी ज्या चेहऱ्याने साकारली, तोच चेहरा आता आईचा आहे, आणि लग्न करून जायला नाखूश आहे ती तिची मुलगी. अखेरीस रिकाम्या खोलीत एकटी उरलेली ही आई पाहताना ‘बान्शुन’मधला सफरचंद सोलणारा बाप ज्याला आठवत नाही, त्याने चित्रपट पाहिला असला तरी त्यातली एक मिती त्याच्या हाती लागलेली नाही. हा अर्थ संहितेत नाही आणि केवळ दिग्दर्शकाच्या हेतूतही नाही. एका मानवी देहाच्या वय होण्यात तो आहे. तो वाचायला ज्याने तो देह वर्षानुवर्षे पाहिला आहे असाच वाचक लागतो.

शंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टांत देऊन सांगितले की नट पाहताना होणारी प्रतीती ‘हा रामच आहे’ अशीही नसते आणि ‘हा राम नव्हे’ अशीही नसते. ती संशयाची नसते आणि सादृश्याचीही नसते. एका प्रयोगापुरते हे विवेचन पुरेसे आहे. एकच तुरग वीस चित्रांत दिसू लागला तर काय, हा प्रश्न शंकुकापुढे नव्हता. यंत्राने टिकवून ठेवलेल्या अभिनयात तो मूलभूत होतो, आणि चाहत्याला त्याचे उत्तर शास्त्राआधीच सापडलेले असते. याची उलट बाजू ‘ओशिन’ या दूरचित्रवाणी मालिकेत दिसते. १९८३-८४ मध्ये २९७ भागांत जपानी घरोघर पोचलेल्या या मालिकेत एकाच नायिकेची बाल्य, तारुण्य व वार्धक्य ही वये आयाको कोबायाशी, युको तानाका आणि नोबुको ओतोवा या तिघींनी वाटून घेतली. नोरिकोच्या बाबतीत एका देहात तीन स्त्रिया. येथे तीन देहांत एकच. ‘ओशिन’चा चाहता नायिकेवर प्रेम करतो, आणि ते प्रेम तिघींपैकी कोणा एकीच्या दारात जाऊन उभे राहू शकत नाही. हारांच्या चाहत्याला ही सोय नव्हती.

परंतु या ज्ञानालाही एक खिंडार आहे, आणि चाहते ते सहसा दाखवत नाहीत. १९३७ मध्ये आर्नोल्ड फांक आणि मान्साकू इतामी यांच्या जपानी-जर्मन सहनिर्मितीत, ‘आताराशिकी त्सुची’ म्हणजे ‘नवी भूमी’ या चित्रपटात, हारा ज्वालामुखीच्या तोंडाशी आत्मत्यागाला निघालेली कन्या होत्या. तो चित्रपट संपतो तो जिंकलेल्या मांचुरियात, सैनिकाच्या पहाऱ्याखाली शेती करणाऱ्या सुखी जोडप्यावर. पुढे युद्धकाळातल्या प्रचारपटांतही त्या आहेत. पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे गौरवीकरण करणाऱ्या १९४२ च्या चित्रपटात आहेत. आणि १९४६ मध्ये कुरोसावांच्या ‘वागा सेइशुन नि कुइ नाशी’ या चित्रपटात त्याच हारा युद्धविरोधकाची पत्नी होतात. नवरा तुरुंगात मेल्यावर ती त्याच्या शेतकरी आईबापांकडे जाते, हेराची बायको म्हणून गावाचा तिरस्कार सोसते आणि पियानोवर फिरलेल्या हातांनी भाताच्या चिखलात राबते. दोन्ही चित्रपटांत निष्ठेची धग सारखीच आहे. चाहता दुसरीला ‘खरी हारा’ म्हणतो आणि पहिलीला कंपनीने लादलेले काम. ही निवड कशाच्या आधारावर होते? अभिनयाच्या नव्हे, अभिनय दोन्हीकडे तितकाच पटणारा आहे. निवड होते ती प्रेमाला शोभेल अशा भूतकाळाची. येथे चाहत्याचे ज्ञान थांबते आणि त्याची इच्छा ज्ञानाचा वेष घेऊन पुढे चालू लागते. हे सांधे ओळखणे हेच चाहत्याच्या मताचे खरे परीक्षण होय.

हक्काचा प्रश्न यापुढे येतो. पडद्याआड जाताना हारांनी सांगितले की अभिनयात त्यांना कधी फारसा आनंद वाटला नाही. कुटुंबाचा चरितार्थ चालावा म्हणून त्या हे काम करीत राहिल्या. डोनल्ड रिची आदी अभ्यासकांनी हे नोंदवले आहे, आणि या उद्गाराने किती नाराजी उसळली तेही नोंदवले आहे. ‘चिरकुमारिका’ असे बिरुद जिला प्रसिद्धीखात्याने व जनतेने मिळून दिले, तिने असे बोलावे याचा लोकांना धक्का बसला. मग त्या बोलण्यावर विश्वास ठेवायचाच नाही, असे जणू ठरून गेले. ओझूंवर त्यांचे मूक प्रेम होते. डोळे अधू होत चालले होते. वय दिसू नये म्हणून त्या दूर झाल्या. कारणांची अशी मालिका रचली गेली आणि ती आजही सांगितली जाते. एवढ्या तर्कवितर्कांत एकच कारण कोणाला नको होते : जे त्यांनी स्वतः सांगितले ते.

याचा उलगडा अभिनवगुप्ताच्या एका प्रसिद्ध दृष्टांतातून करता येतो. रस नटाच्या ठिकाणी नसतो, असे त्याचे मत. नट हा आस्वादाचा उपाय आहे, आणि म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात. मद्याची चव प्याल्याला लागत नसते. मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे दोन्ही अर्थ अजून जिवंत असल्याने हा दृष्टांत आपोआप पटतो. या सिद्धांताच्या दृष्टीने हारांच्या उद्गारात धक्कादायक असे काहीच नाही : प्याल्याने सांगितले की मला चव लागली नाही. चाहत्याला नेमके हेच असह्य होते. आपण जे प्यालो त्यातला एक घोट तरी प्याल्याने घेतलेला असला पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. त्याला आस्वाद पुरत नाही, सहभोजन हवे असते. त्याच्या सगळ्या मतांच्या तळाशी ही अव्यक्त अट असते, आणि ती मोडली की त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

अर्थात येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. नटाला रस लागत नाही, हा अभिनवगुप्ताचा मुद्दा. नटाने भूमिकेतील भाव प्रत्यक्ष अनुभवू नयेत, थंड डोक्याने ते घडवावेत, हा दिदरोचा मुद्दा. आणि नटीला आपला पेशाच आवडला नाही, हा हारांचा. पहिला तत्त्वाचा आहे, दुसरा तंत्राचा, तिसरा जगण्याचा. पहिल्या दोहोंवरून तिसरा निघत नाही. रस न लागताही पेशा प्रिय असू शकतो. भाव अनुभवूनही तो नकोसा असू शकतो. ओझूंच्या पद्धतीत नटाने मान किती वळवावी, पेला कधी उचलावा हे ठरलेले असे, आणि एकेक हालचाल मनाजोगती होईपर्यंत पुन्हापुन्हा चित्रित होई. अशा ठिकाणी ‘तिने ते अश्रू आतून ढाळले’ हे चाहत्याचे विधान फार जपून घ्यावे लागते. १९५३ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या एका चित्रपटाच्या बाह्यचित्रीकरणात, छायाचित्रकार असलेला त्यांचा भाऊ आगगाडीच्या अपघातात मरण पावला, आणि त्याच वर्षी ‘तोक्यो मोनोगातारी’ झाला. हे कळल्यावर नोरिकोच्या अश्रूंकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. पण हे कळल्याने ते अश्रू अधिक चांगले झाले, असे म्हणणे म्हणजे एका व्यक्तीचे दुःख आपल्या आस्वादाच्या खात्यावर जमा करणे होय.

प्याल्याच्या दृष्टांताने एक गोष्ट झाकली जाते, तीही सांगितली पाहिजे. प्याला राबत नाही, नटी राबते. ज्याला आस्वादाचा उपाय म्हटले त्याला सकाळी उठून कामावर जावे लागते, घरी पैसे पाठवावे लागतात. रसिकाच्या आनंदाची किंमत कोणी अनिच्छेने चुकती केली असेल, तर तो आनंद सदोष होतो काय? कलाकृती सदोष होत नाही, असे उत्तर देता येईल. मंदिराच्या शिल्पाचे सौंदर्य पाथरवटाच्या मजुरीवरून ठरत नाही. पण येथे प्रश्न सौंदर्याचा नसून ऋणाचा आहे. काम आवडले नाही असे सांगणाऱ्या कामगारावर कोणी रागावत नाही, नटीवर रागावतात. तिने श्रमाबरोबर श्रमाविषयीचे प्रेमही पुरवावे, अशी अपेक्षा असते. हारांच्या उद्गाराने हा न लिहिलेला करार उघडा पडला, आणि रोष झाला तो त्यामुळे.

चाहत्याच्या मताला शिस्त लावण्याची एक जुनी पद्धत जपानी रंगभूमीकडेच आहे. काबुकीत रंगमंचापासून लांबच्या, वरच्या मागल्या आसनांवरून जाणकार रसिक नटाच्या घराण्याचे नाव पुकारतात, दान्जुरोसाठी ‘नारिताया’. या पुकारण्याला काकेगोए म्हणतात, आणि पुकारणाऱ्यांना, त्यांच्या बसण्याच्या जागेवरून, ओमुको. पुकार नेमकी नटाच्या ठाशीव पवित्र्याच्या क्षणी पडावी लागते. क्षणभर आधी किंवा नंतर पडली तर ती विटंबना होते. मराठी संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ याच्या जवळचा वाटेल, पण फरक महत्त्वाचा आहे. वन्स मोअर नटाकडे आणखी मागतो, काकेगोए काहीच मागत नाही. शिवाय पुकारले जाते ते नटाचे स्वतःचे नाव नव्हे, तर घराण्याचे. प्रेम व्यक्त होते, पण व्यक्तीला न शिवता. मराठीत उलट घडते : ज्याच्यावर माणसे प्रेम करतात त्याचा उल्लेख आपसूक एकेरीवर येतो, आणि त्यात अनादर नसतो, हे खरे. पण एकेरीतली ती जवळीक परस्पर ठरवलेली नसते, हेही खरेच.

या साऱ्याचा सर्वांत सूक्ष्म विचार कोणत्याही सिद्धांतग्रंथात नसून ‘तोक्यो मोनोगातारी’च्या अखेरीस आहे. सासू वारली आहे. स्वतःच्या मुलांनी केले नाही इतके या विधवा सुनेने केले, म्हणून सासरा, म्हणजे चिशू रियू, तिचे आभार मानतो. नोरिको ते आभार नाकारते. तुम्हाला वाटते तितकी मी चांगली नाही, असे ती सांगते. असे कितीतरी दिवस जातात की नवऱ्याची आठवणही येत नाही, मनात कसली तरी वाट पाहणे चालू असते. म्हातारा ते मानत नाही. तू चांगलीच आहेस, असे तो हसून म्हणतो. एका अर्थी तोही चाहताच आहे : समोरची स्त्री स्वतःविषयी जे सांगते त्यापेक्षा तिच्याविषयीचे स्वतःचे मत त्याला अधिक विश्वसनीय वाटते. पण तो तेथे थांबत नाही. मुलाला विसर, पुन्हा लग्न कर, असे सांगून तो तिला मोकळी करतो आणि बायकोचे घड्याळ तिच्या हाती देतो. तिच्याविषयीचे मत तो सोडत नाही. त्या मताप्रमाणे तिने जगावे ही अट मात्र सोडून देतो. हारांच्या चाहत्यांपैकी अनेकांनी हा प्रसंग पाठ होईपर्यंत पाहिला असेल. दहा वर्षांनी तीच स्त्री जवळजवळ तेच बोलली तेव्हा मात्र त्यांना म्हाताऱ्याचा अर्धाच भाग आठवला.

हा दोष केवळ भाबड्या चाहत्याचा नाही. ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यावरील आपल्या लेखात रोलाँ बार्त यांनीही तिच्या अज्ञातवासाला, काळ्या चष्म्याला आणि रुंद टोपीला, त्या चेहऱ्याच्या सत्त्वाचे रक्षण असा अर्थ दिला. गार्बोला कदाचित फक्त कंटाळा आला असेल, ही शक्यता त्या विवेचनात शिल्लकच राहत नाही. चिन्हमीमांसा करणारा अभ्यासक आणि चाहता येथे एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघांनाही निवृत्ती ही शेवटची भूमिका म्हणून हवी आहे. हारा गेल्या त्या कामाकुरात, आणि ‘बान्शुन’मधले बापलेकीचे घर तेथलेच, मग काय, चाहत्याने पडदा पुन्हा उघडला.

सातोशी कोन यांनी या प्रश्नावर दोन सचेतपट केले, आणि ते एकमेकांसमोर ठेवूनच पाहावे लागतात. ‘पर्फेक्ट ब्लू’मध्ये (१९९७) गायिका मिमा अभिनयाकडे वळते. तिचा एक चाहता हा बदल मान्यच करत नाही; त्याच्या लेखी खरी मिमा वेगळी आहे आणि पडद्यावर दिसते ती तोतया. तो अनोळखी असल्याने भयानक वाटतो. पण चित्रपटाचा खरा घाव पुढे आहे : मिमाच्या नावाने ‘खऱ्या मिमा’चे मनोगत रचणारी व्यक्ती तिचे काम पाहणारी, तिच्या सर्वांत जवळची स्त्री निघते. हक्काचा दावा अज्ञानातून येतो, हे समीक्षेचे गृहीतक येथे कोसळते. तो जवळिकीतून, ज्ञानातूनही येतो.

‘सेन्नेन जोयू’मध्ये (२००१) चाहत्याला सन्मानाची जागा मिळते. तीस वर्षे अज्ञातवासात असलेली नटी चियोको, जिच्यावर हारांच्या आयुष्याची छाया उघड आहे, आणि तिच्यावर अनुबोधपट करायला आलेला गेन्या. तिने हरवलेली किल्ली त्याने इतकी वर्षे जपून ठेवलेली आहे. ती परत देऊन तो आठवणींचे दार उघडतो. तिच्या प्रत्येक चित्रपटात तो स्वतः शिरतो, कधी सरदार म्हणून, कधी सेवक म्हणून, आणि तिला वाचवतो. चाहत्याच्या कल्पनेचे इतके प्रेमळ चित्रण दुर्मीळच. पण याच गेन्याजवळ एक गोष्ट आहे. चियोको जन्मभर ज्याच्या शोधात धावली तो चित्रकार पोलिसांच्या छळात केव्हाच मेला, हे त्याला माहीत आहे. तो तिला ते सांगत नाही. हे मौन करुणेचे आहे की मालकीचे? तिला ज्या रूपात तो पाहत आला ते धावणे थांबू नये, म्हणून तर तो गप्प नाही? चित्रपट याचे उत्तर टाळतो. मरताना चियोको म्हणते की तिला खरे प्रिय होते ते धावणेच. या वाक्याने ती गेन्याला नकळत ऋणमुक्त करते, आणि कोन स्वतःचीही सुटका करून घेतात. कारण एवढ्या समजूतदार कलाकृतीलाही एक गोष्ट जमलेली नाही. नटी पडद्यामागे गेली तर त्यामागे एखादे गुपित, एखादे प्रेम, एखादी किल्ली असलीच पाहिजे. काहीच नव्हते, काम संपले आणि ती घरी गेली, ही कथा कोन यांनाही सांगता आली नाही.

चियोकोपेक्षा गेन्याला अधिक ठाऊक होते. हारांच्या बाबतीत हे नाते उलटे राहिले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या. बातमी बाहेर आली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. मधल्या अडीच महिन्यांहून अधिक काळात जगभर कोठे ना कोठे ‘तोक्यो मोनोगातारी’ पाहिला गेला असेल, नोरिकोविषयी मते मांडली गेली असतील, आणि त्या कामाकुरात आहेत असे गृहीत धरून कोणी त्यांच्या मौनाचे कारणही सांगितले असेल.